तोटी आणि तापमान

१५ ग्रॅम कॉफी, २५० ग्रॅम पाणी आणि तीन मिनिटं. कागदी गाळणीतून कॉफी करायचा सगळा हिशेब एवढाच आहे. पण हे पाणी नेहमीच्या इलेक्ट्रिक केटलमधून ओतून पाहा. केटल थोडी कलती केली तर काहीच येत नाही आणि आणखी थोडी कलती केली की भसकन पाणी येतं. कॉफीच्या थरात खड्डा पडतो, पाणी त्या खड्ड्यातून सरळ खाली निघून जातं आणि कडेची पूड जेमतेम भिजते. मधल्या पुडीचा सगळा अर्क निघून कडवटपणा येतो, कडेच्या पुडीचा कच्चा आंबटपणा येतो, आणि दोन्ही एकाच कपात उतरतात. पूड महाग होती, ताजी दळलेली होती, तरी कॉफी बिघडली. बिघडवली ती धारेनं.

गूसनेक केटल या अडचणीवरचा उपाय आहे. हंसाच्या मानेसारखी लांब, बारीक, बाकदार तोटी हे तिचं वैशिष्ट्य. पूर्वी ती गॅसवर ठेवायची असे. आता विजेची मिळते आणि तिच्यात तापमान ठरवायची सोयही असते. ओळखीतलं कुणी ना कुणी मला विचारतं, "कोणती घेऊ?" मी विचारतो, "कॉफीसाठी की चहासाठी?" उत्तर बहुतेक वेळा "दोन्हीसाठी" असं येतं. घोटाळा इथेच सुरू होतो, कारण ही वस्तू म्हणजे दोन वेगळ्या उपकरणांची जोड आहे. एक आहे तोटी, दुसरं आहे तापमापक. कॉफीला त्यातली तोटी लागते, चहाला तापमान. दुकानात मात्र दोन्हींचे पैसे एकदमच मोजावे लागतात.

आधी तोटी.

तोटीचं महत्त्व आपल्या घरांना नवीन नाही. देवघरातली झारी, पूजेतलं अभिषेकपात्र या वस्तू धार बारीक आणि अखंड राहावी म्हणूनच तशा घडवलेल्या असतात. तांब्यानं अभिषेक करता येत नाही असं नाही, पण धार तुटते आणि हात अवघडतो. गूसनेक केटल हे काम उकळत्या पाण्यानं करते.

हे कसं जमतं ते समजून घेतलं तर खरेदी निम्मी सोपी होते. नेहमीच्या केटलचं तोंड वरच्या काठाशी असतं, चोचीसारखं. पाणी त्या काठावरून सांडतं. धरणाच्या सांडव्यावरून पाणी वाहतं तसाच हा प्रकार. त्रिकोणी खाचेवरून वाहणाऱ्या पाण्याचं गणित असं आहे की खाचेतल्या पाण्याची खोली दुप्पट झाली तर प्रवाह पाचपटीहून जास्त वाढतो. म्हणजे मनगट अगदी किंचित हललं तरी धारेचा लोंढा होतो. गूसनेकची तोटी भांड्याच्या तळाजवळून निघते आणि बारीक नळीसारखी वर येते. नळी पूर्ण भरलेली असते, त्यामुळे प्रवाह ठरतो तो भांड्यातल्या पाण्याची पातळी तोटीच्या टोकापेक्षा किती वर आहे यावर आणि नळीच्या अरुंदपणावर. इथे उंचीतला फरक दुप्पट झाला तरी प्रवाह फार तर दुप्पट होतो, बहुधा त्याहूनही कमी. हाताची छोटी चूक छोटीच राहते. या केटलमुळे हात स्थिर होत नाही, पण अस्थिर हाताला माफी मिळते. माझ्यासारख्यांना तेवढं पुरतं.

दुसरा फायदा सहसा कुणी सांगत नाही. पाणी तळातून येत असल्यामुळे केटल निम्मी रिकामी असली तरी धार लगेच सुरू होते. फार कलती करत न्यावी लागत नाही, म्हणून झाकण घसरून पडायची भीतीही कमी असते.

घरच्या वजनकाट्यावर मोजलं तर चांगल्या गूसनेकमधून सेकंदाला चार ते सहा ग्रॅमची धार आरामात धरता येते. कॉफीला हाच वेग लागतो. आधी पुडीच्या दुप्पट-तिप्पट पाणी, म्हणजे १५ ग्रॅमला ३०-४५ ग्रॅम, टाकून अर्धा-पाऊण मिनिट थांबायचं. ताज्या भाजलेल्या पुडीत अडकलेला कार्बन डायऑक्साइड तेवढ्या वेळात बाहेर पडतो आणि पूड फुगून येते. मग उरलेलं पाणी गोल गोल फिरवत दोन-तीन खेपांत घालायचं. या पहिल्या ३०-४५ ग्रॅममध्येच तोटीची परीक्षा होते. एवढं थोडं पाणी सगळ्या पुडीवर सारखं पसरायचं तर चोचीच्या केटलचं ते काम नाही.

धार किती उंचावरून सोडावी यावरही अभ्यास झाला आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये 'फिजिक्स ऑफ फ्लुइड्स' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. कॉफीच्या पुडीच्या आरपार दिसत नाही, म्हणून त्यांनी काचेच्या शंकूत सिलिका जेलचे पारदर्शक कण भरले, त्यावर लेझरचा पातळ पडदा टाकला आणि पाणी पडताना काय होतं ते वेगवान कॅमेऱ्यानं टिपलं. दिसलं असं: सलग धार जरा उंचावरून पडली की ती थरात खोल शिरते, कडेचे कण दरडीसारखे मधे कोसळतात, पुन्हा वर उचलले जातात आणि सगळी पूड आपोआप घुसळली जाते. अर्क जास्त उतरतो, म्हणून पूड थोडी कमी घेतली तरी चालते. अट एकच आहे. धार पुडीपर्यंत अखंड पोहोचली पाहिजे. फार उंच गेलात, किंवा धार फारच बारीक केलीत, तर वाटेतच तिचे थेंब होतात आणि थेंब खोल शिरत नाहीत. म्हणून तोटी अतिबारीक असणं हा गुण नाही. काही केटलींच्या तोट्या इतक्या निमुळत्या असतात की पूर्ण कलती केली तरी धार अंगात येत नाही. तशी घेऊ नका.

तोटीचं टोक नीट पाहा. संथ ओतताना पाणी टोकावरून सुटण्याऐवजी तोटीच्या खालच्या बाजूला चिकटतं आणि ओघळत येतं. चहाच्या किटलीचा हा अनुभव प्रत्येक घरात आहे. ओट्यावर, ताटलीत, टेबलक्लॉथवर त्याचे डाग असतात. शास्त्रज्ञ याला 'टीपॉट इफेक्ट' म्हणतात. यावरच्या गणितासाठी जोसेफ केलर आणि जाँ-मार्क व्हँडेन-ब्रोक यांना १९९९ मध्ये इग नोबेल हा गमतीशीर संशोधनाला दिला जाणारा पुरस्कार मिळाला. (चहात बिस्किट कसं बुडवावं यावर काम करणाऱ्या लेन फिशर यांनाही त्याच वर्षी तो मिळाला. दोन्ही प्रश्न मला मनापासून महत्त्वाचे वाटतात.) टोकाची कड पातळ आणि धारदार असेल तर पाणी स्वच्छ सुटतं, कड जाड, गोलसर असेल तर चिकटतं. गूसनेकचं तर सगळं काम संथ ओतण्याचं, त्यामुळे हा दोष तिच्यात जास्त जाणवतो. शक्य असेल तर दुकानात गार पाणी भरून द्यायला सांगा आणि अगदी थेंब थेंब ओतून बघा. चांगली तोटी थेंबसुद्धा टोकावरूनच सोडते.

मूठही तिथेच कळते. ८०० मिलिलीटर पाणी आणि केटलचं स्वतःचं वजन मिळून दीड किलोच्या आसपास जातं आणि ते तीन मिनिटं हवेत धरायचं असतं. भांडं कललं की वजन पुढे सरकतं. मूठ भांड्यापासून फार लांब असेल तर तो सगळा ताण अंगठ्याच्या मुळाशी येतो. संधिवात असलेल्या माणसानं तर भरलेली केटल हातात घेतल्याशिवाय ती विकत घेऊच नये. एक-दोन माणसांच्या कॉफीला ६०० ते ९०० मिलिलीटरची केटल पुरते. मोठी घेण्यात काही मिळत नाही.

ही तोटी कॉफीकडे जपानमधून आली. कागदी गाळणी जर्मनीतली आहे. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांनी १९०८ मध्ये मुलाच्या वहीतला टीपकागद भोकं पाडलेल्या भांड्यात घालून ती सुरू केली. पण एकेक कप संथ धारेनं गाळायचा हा रियाज जपानमधल्या किस्सातेन नावाच्या जुन्या कॉफीगृहांत पिकला. तिथले कारागीर कापडी गाळणीवर मिनिटं मोजत पाणी सोडायचे आणि त्यांच्यासाठी बारीक तोटीच्या किटल्या बनू लागल्या. हारिओ या काचसामान बनवणाऱ्या कंपनीचा ६० अंशांच्या कोनाचा शंकू पुढे जगभर गेला आणि त्याच्यासोबत या किटल्याही गेल्या.

आता तापमान.

कॉफीसाठी ९० ते ९६ अंश सेल्सिअसचं पाणी घ्यावं हा प्रचलित नियम आहे आणि तो ठीकच आहे. पण एकेका अंशासाठी जे जास्तीचे पैसे मोजले जातात त्यांचा नीट विचार करायला हवा. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात २०२० मध्ये एक नेमका प्रयोग झाला. ८७, ९० आणि ९३ अंशांवर कॉफी केली, पण दळण आणि इतर गोष्टी अशा जुळवल्या की तिन्हींची तीव्रता आणि उतरलेला अर्क सारखा राहील. मग चव ओळखायला शिकवलेल्या माणसांना ती प्यायला दिली. चवीत फरक अगदी थोडा आढळला. तापमानाचा परिणाम असतो, पण तो अर्क किती उतरतो याच्या मार्फत होतो आणि दळण जरा बारीक-जाड करून तो सावरता येतो. शिवाय केटलवर ९४ दिसलं तरी तोटीतून, हवेतून, गार शंकूवर पडेपर्यंत पाणी काही अंशांनी उतरलेलंच असतं. म्हणून ज्याला फक्त कॉफी करायची आहे त्याला मी सांगतो: तोटी उत्तम घ्या, आकडे दाखवणारा पडदा नसला तरी चालेल. पाणी उकळू द्या, अर्धा मिनिट थांबा आणि ओता.

चहाचं याच्या उलट आहे. इथे चहा म्हणजे दूध घालून उकळलेला नव्हे, नुसत्या पानांचा. हिरव्या चहाच्या पानांत तुरटपणा देणारी कॅटेचिनं आणि कडवट कॅफिन असतं. गोडसर, भरीव चव देणारी थिॲनिनसारखी अमिनो आम्लंही असतात. अमिनो आम्लं कोमट पाण्यातही सहज उतरतात, कॅटेचिनं मात्र पाणी जितकं गरम तितकी जास्त उतरतात. उकळतं पाणी ओतलं की तुरटपणा बाकी सगळ्यावर चढून बसतो. अनेकांना हिरवा चहा औषधासारखा लागतो त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. दोष पानांचा नसतो. जपानी सेंचाला ७० ते ८० अंश पुरतात, सावलीत वाढवलेल्या ग्योकुरोला ५० ते ६०. ऊलाँगला ८५ ते ९५ चालतात आणि आसामच्या काळ्या चहाला खळखळतं पाणीच हवं. या प्रांतात १५-२० अंशांचा फरक म्हणजे दोन वेगळी पेयं. धारेचा वेग मात्र इथे जवळजवळ बिनमहत्त्वाचा आहे. पानं पाण्यात बुडून बसणार असतात, त्यांच्यावर पाणी कसं पडलं याचं त्यांना काही नाही. उलट काळ्या चहाला गूसनेकची संथ धार थोडी मारकच ठरते, कारण किटली भरेपर्यंत पाणी निवतं.

मग हिरव्या चहासाठी तापमानवाली केटल घ्यायलाच हवी का? घेतली तर सोय आहे, यात वाद नाही. पण त्याआधी हे करून बघा. तीन कप उकळतं पाणी आणि एक कप साधं, २५ अंशांच्या आसपासचं पिण्याचं पाणी एकत्र करा. मिश्रण साधारण ८० अंशांचं होतं. शाळेत शिकलेलं सरासरीचं गणित आहे, चुकत नाही. जपानी घरांत उकळतं पाणी आधी एका रिकाम्या भांड्यात आणि मग चहाच्या भांड्यात ओततात, दर ओतण्याला ते पाच-दहा अंशांनी उतरतं. हे रोज करायचा कंटाळा आला, की समजा आपल्याला केटल हवी आहे.

घ्यायची ठरली तर आतली यंत्रणा कोणती आहे ते विचारा. साधा थर्मोस्टॅट ठरलेल्या अंशाला वीज तोडतो, पण तळ तापलेला असल्यामुळे पाणी पुढे आणखी तीन-चार अंश चढतं. 'पीआयडी' लिहिलेल्या केटली लक्ष्य जवळ आलं की वीज हळूहळू कमी करत जातात आणि नेमक्या तिथे थांबतात. चहासाठी हा फरक पैसे मोजण्याजोगा आहे. अर्धा-एक तास तापमान टिकवून धरायची सोयही दुसरा-तिसरा कप करणाऱ्याला उपयोगी पडते.

महाराष्ट्रात एक गोष्ट विशेष लक्षात ठेवायची. समुद्रसपाटीपासून साधारण दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू एक अंशानं खाली येतो. मुंबईत पाणी १०० अंशांना उकळतं. ५६० मीटरवरच्या पुण्यात ते ९८ ला उकळतं. ज्या चिखलदऱ्याला आपल्याकडची कॉफी पिकते तिथे ९६ च्या थोडं वर आणि महाबळेश्वरला ९५-९६ ला. जुन्या धर्तीच्या केटलला याचं काही नसतं. १९५५ मधल्या रसेल हॉब्ज कंपनीच्या के-वन केटलपासून चालत आलेली युक्ती अशी आहे की उकळत्या पाण्याची वाफ दोन धातूंच्या पट्टीवर सोडायची. पट्टी वाकते आणि बटण पडतं. ती आकडा बघत नाही, वाफ बघते. आकड्यावर चालणारी केटल मात्र पुण्यात १०० वर लावली तर कधीच न येणाऱ्या १०० ची वाट बघत पाणी खळखळत ठेवू शकते. चांगल्या केटलींत गावाची उंची भरायची सोय असते किंवा तापमान वाढायचं थांबलं की त्या स्वतः ओळखतात. ती सोय नसेल तर पुण्याच्या माणसानं ९७ च्या वर जाऊ नये.

विजेचा हिशेब सोपा आहे. बहुतेक गूसनेक केटली १,००० ते १,२०० वॉटच्या असतात. आपल्याकडे २३० व्होल्ट, म्हणजे १,२०० वॉटला सव्वापाच अँपिअर. सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटला चालतं, पण जेमतेम. टीव्हीमागच्या स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. एक लीटर पाणी उकळायला सुमारे एक दशांश युनिट जातं, तेव्हा बिलाची चिंता करायचं कारण नाही.

चिंता करावी ती अमेरिकेहून येणाऱ्या केटलची. भाचा, पुतणी, शेजाऱ्यांचा मुलगा, कुणीतरी न्यू जर्सीहून किंवा कॅलिफोर्नियाहून प्रेमानं एक सुंदर काळी केटल आणतं, कारण तिथे ती स्वस्त आणि सहज मिळते. तिथली वीज १२० व्होल्टची. फोनचे चार्जर १०० ते २४० व्होल्ट कुठेही चालतात, म्हणून लोकांना वाटतं की पिन बदलणारा ॲडॅप्टर लावला की झालं. केटलचं तसं नाही. व्होल्टेज जवळजवळ दुप्पट झालं की तापणाऱ्या तारेची शक्ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: १,२०० वॉटची केटल ४,४०० वॉट ओढू पाहते. ती जळतेच, सोबत वायरिंगही जाऊ शकतं. आमच्या नात्यात एक केटल पहिल्याच दिवशी अशी गेली, आणि आणणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघवेना. तळाशी छापलेला व्होल्टचा आकडा वाचा. २२०-२४० लिहिलं नसेल तर ती केटल भारतात लावू नका. तिला पेलेल असा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण तो जड आणि महाग असतो.

धातूबद्दल थोडक्यात: ३०४ दर्जाचं स्टील असावं, आणि झाकण उघडून आत बघावं. बाहेरून पूर्ण स्टीलची दिसणारी केटल आत झाकणाखाली किंवा पातळीच्या खिडकीशी प्लॅस्टिकची असू शकते. पाणी संपल्यावर आपोआप बंद होण्याची सोय हवीच.

आणि ज्या घरात आलं ठेचून, गवती चहा घालून, दूध ओतून, पातेल्यात उकळलेलाच चहा होतो, त्या घराला ही केटल लागत नाही. तो चहा उकळीतच घडतो. केटलमध्ये दूध तापवू नका. ते तळाला करपतं, उतू जाऊन तोटीत शिरतं, आणि ती तोटी पुन्हा कधी नीट स्वच्छ होत नाही. दक्षिणी पद्धतीच्या पितळी फिल्टरलाही गूसनेकची गरज नाही. तिथे पुडीवर चकती ठेवलेली असते आणि धारेचा जोर ती अंगावर घेते.

तोटीचा खरा शत्रू मात्र पाण्यातच असतो. मुंबईचं तलावांचं पाणी मृदू आहे, पण बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. पाणी तापलं की ते पांढऱ्या थरानं तळावर बसतात आणि हळूहळू तोटीच्या बाकात जमतात. बळीच्या दानाचं पाणी अडवायला शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसले, तसा हा थर बसतो. आधी धार बारीक होते, मग एका बाजूला वळते. वामनानं दर्भाची काडी घातली होती. इथे काडी चालत नाही, कारण बाक आडवा येतो आणि ब्रशही पोहोचत नाही. एक लीटर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घाला, उकळी येऊ द्या, अर्धा तास तसंच ठेवा. मग ते पाणी झाकण काढून वरून ओतून देऊ नका. हळूहळू तोटीतूनच सोडा. नंतर साध्या पाण्याच्या दोन केटली तशाच सोडा. बोअरचं पाणी असेल तर महिन्यातून एकदा, नाहीतर तीन महिन्यांनी. दुसरी केटल अर्धी होईपर्यंत धार बहुतेक पुन्हा सरळ पडू लागलेली असते.